पानगळीत घेतलेली चाचणी

चंद्रपूरच्या एका ठेकेदाराने जंगलातल्या एका गावाला फसवलं. लपूनछपून नाही, भर दुपारी, सरकारी समितीसमोर, सगळ्यांच्या सह्या घेऊन फसवलं. त्याच्या मदतीला होता साग. सागाला मी दोष देत नाही. पानं कधी झाडायची हे त्याच्या हातात नसतं. चाचणीची तारीख मात्र कुणाच्या तरी हातात होती.

हे ज्यांच्या सगळ्यात आधी लक्षात आलं, ते आलापल्लीत माझ्या मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. चंद्रपूरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं नागपूरला फ्लॅट घेतात, हे आलापल्लीला आले. कारण विचारलं तर म्हणाले, "पोरांना जन्मभर वहीत चिकटवलेली वाळकी पानं दाखवली. आता झाडावरची बघतो."

खोली बघायला आले त्याच दिवशी मी ओळखलं, हा माणूस आपल्याला जड जाणार. मी भाडं सांगितलं. सांगताना अर्थातच वर ठेवून सांगितलं, खाली यायला जागा ठेवून. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "ठीक." मी थांबलो. ते पुढे म्हणाले, "पण खिडकीसमोर मोह आहे, त्याचं काही धरलेलं दिसत नाही तुम्ही. थोडं वाढवा."

माझे अब्बा चामोर्शीच्या आठवडी बाजारात स्टोव्ह आणि टॉर्च दुरुस्त करायचे. त्यांचं दुकान नव्हतं, पोतं होतं. ते अंथरलं की दुकान उघडलं, झटकलं की बंद. त्या पोत्यावरून मी या दुमजली दुकानापर्यंत आलो तो एकाच विद्येवर: समोरचा बोलला त्या भावावर कधी हो म्हणायचं नाही. आणि इथे एक शिकलेला माणूस माझ्याच घरात उभा राहून माझ्याच बाजूने घासाघीस करत होता. मला राग आला. हसू नका, खरंच आला. भाव न करणं म्हणजे समोरच्याला माणसात न धरणं, असं मी मानतो.

बाजारातही तेच. वांगी विकणाऱ्या बाईने भाव सांगितला की हे तेवढे देऊन वर तिला सुनवायचे, "बाई, तुम्ही स्वतःच्या मेहनतीला फार हलकं समजता." ती बाई मला पाहिलं की ओरडायची, "भाऊ, तुमचे सर नाई आले का आज?" मी सरांना सांगून पाहिलं, "सर, तुम्ही बाजार बिघडवून राह्यले." ते म्हणाले, "बाजार म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. वांगं म्हणजे काय ते मला कळतं. भांडण कशाला?"

मे महिन्यात गळ्याला मफलर. पावसाळ्यात पायात कापडी बूट, जे कधीच वाळायचे नाहीत. हातात कायम छत्री, पण ती पावसासाठी नाही, बोट दाखवण्यासाठी. चहा करता येत नव्हता, आणि दुसऱ्याने केलेला आवडत नव्हता. रस्त्यातल्या प्रत्येक झाडाला त्याच्या लॅटिन नावाने हाक मारायचे, आणि बकरी एखादं रोप खाताना दिसली की तिच्याशी रीतसर वाद घालायचे. असा माणूस राउटरच्या नादाला लागेल असं कोणाला वाटलं असतं?

झालं असं की पुण्याच्या मुलीशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून त्यांनी माझ्याकडून सिम टाकायचा राउटर घेतला. खोलीत तो छान चालला. मग ते तो बॅटरीवर लावून जंगलातल्या एका गावी घेऊन गेले, तिथे तो मेला. परत येऊन त्यांनी तो माझ्या काउंटरवर ठेवला.

"का बंद पडला?"

"तिथी रेंज नाई, सर."

"माझ्या मोबाईलवर होती. थोडी, पण होती. मग याला काय झालं?"

मी म्हटलं, "याचे बँड येगळे, मोबाईलचे येगळे." हे बोललो आणि फसलो. दुसऱ्या दिवसापासून सर माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत.

गोष्ट अवघड नाही. टॉवर एकाच आवाजात बोलत नाही. त्याचे काही आवाज जाडे, लांब जाणारे. काही बारीक, भरपूर माल वाहणारे, पण लवकर थकणारे. त्यांना नंबर असतात, त्यालाच आम्ही बँड म्हणतो. पाच आणि आठ नंबरचे लांब जातात, झाडीतून घुसतात. तीन नंबर मधला. चाळीस नंबर शहरात राजा, जंगलात भिकारी. राउटरला कारखान्यात जेवढे आवाज शिकवले तेवढेच त्याला कळतात. बाहेरून डबा तोच, रंग तोच, फक्त मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर वेगळं, आणि त्या एका अक्षरापायी आतले पाच आणि आठ गायब. स्वस्त माल असाच असतो. मी धंद्यात शिकलो होतो, सरांनी मला विचार-विचारून उपसून काढलं.

पण नावं ठेवली ती त्यांनी. पाच-आठ म्हणजे गवा. "गवा बांबूतून सरळ चालत जातो, वाट शोधत नाही." तीन म्हणजे बैल, गाडीवाट असली की ठीक. चाळीस म्हणजे चितळ. "दिसायला देखणं, पळायला चपळ, पण त्याला मोकळं रान लागतं." वर्षभरात ही नावं माझ्या दुकानातून गावागावात गेली. माणसं येऊन विचारायला लागली, "भाऊ, आमच्या इथी नुसतं चितळ येऊन राह्यलं. गवा येईन असा डब्बा दाखव."

गिऱ्हाइकं मात्र त्यांनी पळवलीही तेवढीच. एकदा एटापल्लीकडचा एक माणूस आला. "वायफायचा डब्बा पायजे भाऊ."

मी बोलायच्या आत स्टुलावरून प्रश्न. "तुमच्या घरापासून टॉवर कोणत्या दिशेला? आणि मध्ये झाडं कोणती? साग, ऐन, का बांबू?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. "साहेब फॉरेस्टचे हायेत का जी? मी नाई तोडलं बाप्पा झाड."

"तोडलं का विचारत नाही. आहेत का विचारतोय."

"हायेत. पण माह्ये नाई."

मी म्हटलं, "सर, तुम्ही वर जा बरं. आराम करा."

"त्याला गवा लागेल. फळीवरचा तो चितळवाला देऊ नका."

"मी काय देतो ते मी पाहीन. दुकान कोणाचं हाये?"

"दुकान तुमचं. जंगल त्याचं."

गिऱ्हाईक आमच्या दोघांकडे बघत उभं. शेवटी त्याने गव्याचाच डबा नेला. पुढच्या बाजाराला येताना सरांसाठी पानात बांधून चारोळी आणली. माझ्यासाठी काही नाही.

सर नेहमी बरोबर असायचे असंही नाही. छत्रीला आतून ॲल्युमिनियमची चांदी चिकटवून त्यांनी अँटेना बनवला होता, आणि मार्कंड्याच्या जत्रेत तो उघडून उभे राहिले. गर्दीने टॉवर एवढा भरला होता की छत्री काय, देवळाच्या कळसावर चढले असते तरी काही मिळालं नसतं. त्यांना ते पटेना. मी अर्धा दिवस त्यांच्याबरोबर उन्हात उभा होतो आणि त्यांना बोलत होतो, पण ते छत्रीचा कोन बदलत राहिले, गर्दीचं मानेनात.

त्यांची खरी करामत चिंध्यांची. गावागावात फिरून, जिथे गवा पकडतो त्या जागी ते झाडाला लाल चिंधी बांधायचे, म्हणजे परत आल्यावर जागा सापडावी. पलीकडच्या एका गावात त्यांनी अशी चिंधी एका मोहाला बांधली. काही महिन्यांनी आम्ही दोघं तिथे गेलो तर झाडाला चिंध्याच चिंध्या, बुंध्याला शेंदूर, खाली फुटलेले नारळ. सर हादरले. तिथे उभ्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "हे काय आहे, आजी?"

ती म्हणाली, "इथी उभं राह्यलं का लेकाचा आवाज येते. हैदराबादले हाये तो. दुसरीकडं नाई येत. मंग देवच नाई का जी?"

मला वाटलं आता सर तासभर विज्ञान सांगतील.  पण गाडीवर बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिचं निरीक्षण बिनचूक आहे. निष्कर्षाचं मी काय बोलू?"

आता त्या फसवलेल्या गावाकडे येतो. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या नर्सबाईला अजून तिथेच नोकरी करायची आहे. गाव खोलगटात. टॉवर दूर, आणि मध्ये सागाचा पट्टा. पावसाळ्यात वाटेवरचा नाला भरला की डोंग्याशिवाय, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीशिवाय, येणं-जाणं नाही, आणि पूर चढला की डोंगाही नाही. हातातल्या मोबाईलला गावच्या आरोग्य उपकेंद्रात काही मिळत नव्हतं. बोलायचं तर टेकडीवर चढा. छपरावर उंच बांबू बांधून त्यावर अँटेना लावला तरच आत नेट येण्याची शक्यता. म्हणून एका सरकारी कार्यालयाने तिथे राउटर बसवायचं ठरवलं, नर्सबाईला डॉक्टरांशी बोलता यावं, दवाखान्याची गाडी बोलावता यावी म्हणून. चांगलं काम. त्यात मला काही बोलायचं नाही.

ठेकेदार आधी माझ्याकडे आला होता. मी गव्याचा डबा दाखवला, भाव सांगितला. तो घासाघीस करायला लागला, मीही केली, आणि एका जागी मी थांबलो, कारण त्याच्या खाली माल येतच नाही. तेव्हा तो काउंटरवर वाकून हसत म्हणाला, "बरं, झाडाले पान नसन तं साधा डब्बा चालून जाईन ना?"

मी म्हटलं, "चालून जाईन. पान येतपर्यंत."

"बस," तो म्हणाला आणि गेला. सर स्टुलावरच होते. त्यांनी हे ऐकलं. मीही ऐकलं. हे वाक्य मी कोणत्याही कचेरीत, कोणासमोरही सांगायला तयार आहे.

चाचणी चैत्रात ठेवली. साग पूर्ण उघडा, नुसत्या काड्या उभ्या; या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं आभाळ दिसतं. सरांना कोणी बोलावलं नव्हतं. ते माझ्या गाडीवर मागे बसून आले. समितीतली माणसं सावलीत खुर्च्यांवर, ठेकेदार लॅपटॉप घेऊन, नर्सबाई दारात. व्हिडिओ लावला, सरसर चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचं लक्ष लॅपटॉपवर. सर वर झाडांकडे पाहत होते.

"डब्यात कोणते बँड आहेत?" त्यांनी विचारलं.

"सगळे हायेत सर, फोर-जी हाये," ठेकेदार म्हणाला.

सर खाली वाकले, चष्मा वर केला, डब्याच्या पाठीवरचं मॉडेल वाचलं. "यात पाच नाही, आठ नाही. साहेब, ही चाचणी आज ग्राह्य धरू नका. श्रावणात घ्या."

समितीचे साहेब हसले. स्वभावाने वाईट नव्हते. "सर, श्रावणात आम्ही येणार कसे? नाल्याला पाणी असतं."

सर म्हणाले, "म्हणूनच."

 मग ठेकेदाराने वेळ सावरली. "सरांचं म्हणणं, झाडाले पान आलं का नेट जाते. मंग शहरात घरापुढची तुळस उपटून टाकू का?" सगळे हसले. साहेबही. सह्या झाल्या. पोहे आले.

परत येताना मी रस्ताभर ओरडत होतो, त्याला असा धरायला पाहिजे होता, तसा हाणायला पाहिजे होता.  एका जागी सरांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरून एका सागाच्या फांदीचं टोक बोटांनी चाचपलं. "कोंब धरलाय," म्हणाले आणि परत बसले.

सागाचं पान तुम्ही हातात धरलं असेल. सुपाएवढं होतं, खरखरीत, आणि पावसात पाणी धरून ठेवतं. असा सगळा पट्टा भरला की भिंत उभी राहते. आषाढात नर्सबाईचा राउटर अडखळायला लागला. श्रावण लागेपर्यंत त्यावर लाल दिवा सोडून काही उरलं नाही. चितळाने रान सोडलं, आणि गव्याची भाषा त्या डब्याला शिकवलेलीच नव्हती.

त्याच श्रावणात गावातल्या एका बाईला वेळेआधी कळा सुरू झाल्या. नर्सबाईने लाल दिव्याकडे पाहिलं, आणि भर पावसात टेकडीवर चढली. तिथून फोन लागला. गाडी नाल्याच्या त्या काठापर्यंत येणार असं ठरलं. माणसांनी खाटेला दोर बांधून बाईला नाल्यावर नेलं, पण टेकडी चढण्या-उतरण्यात गेलेल्या वेळात पाणी चढलेलं, डोंगा सोडता येईना. बाळ नाल्याच्या काठावरच झालं, चार छत्र्यांच्या आडोशाला. दोघं वाचली. वाचली, म्हणून चौकशी झाली नाही. आमच्याकडे चौकशी व्हायची तर कोणाला तरी मरावं लागतं.

सरांना हे बाजारात कळलं, त्याच वांगीवालीकडून. ते सरळ वर गेले. खाली आले ते स्वतःचा राउटर पिशवीत घालून. मुलीशी बोलायचा तोच. पहिला मेल्यावर त्यांनी माझ्याकडून घेतलेला, गव्याचा.

"कुठी निघाले सर?"

"नाला उतरलाय म्हणतात. डोंगा चालू आहे."

"तुमच्यानं डोंग्यात बसणं होईन का? थांबा, मी येतो."

"तुम्ही भाव करत बसाल डोंगेवाल्याशी. पाणी वाढेल."

मी गेलोच. डोंगेवाल्याशी भावही केला. सर कापडी बुटांसह गुडघाभर चिखलात उतरले, दोनदा पडले, पिशवी मात्र डोक्यावर. उपकेंद्रात आम्ही जुना डबा उतरवला, मी छपरावर चढून तार जोडली, त्यांनी खाली राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बाकीचे बँड बंद केले आणि एक गवा तेवढा चालू ठेवला. डबा इकडेतिकडे चितळामागे पळू नये म्हणून तसं करावं लागतं. थोड्या वेळाने नर्सबाईच्या फोनवर डॉक्टरीणबाईंचा चेहरा आला. जरा थांबत, अडखळत, पण आला. नर्सबाई रडली नाही, हसली नाही. तिने सरळ त्या बाळंतिणीच्या तापाचं विचारायला सुरुवात केली. सर भिंतीला टेकून ऐकत होते. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नाही.

तो राउटर पोळ्यापर्यंत एकदाही बंद पडला नाही. मग नाला उतरला, रस्ता मोकळा झाला, आणि ज्यांना श्रावणात येता येत नव्हतं ते आले. कार्यालयाचा माणूस आणि ठेकेदाराचा माणूस. त्यांनी भिंतीवरचा चालू राउटर काढला, जुना डबा परत लावला, त्यावर कागद चिकटवून सील केलं. सरांच्या नावाने नोटीस आली: सरकारी साहित्यात अनधिकृत छेडछाड केली, त्यामुळे यंत्रणा निकामी झाली, गुन्हा का दाखल करू नये.

म्हणजे डबा बंद पडला तो सरांमुळे. आषाढात बंद पडलेला डबा श्रावणात आलेल्या माणसामुळे बंद पडला!

मी म्हटलं, "सर, लढू. वकील मी पाहतो. त्याले मी सोडत नाई." ते खिडकीतून मोहाकडे बघत होते. म्हणाले, "मुलगी फार घाबरली आहे. ती उद्या येतेय न्यायला." मी भांडलो, खूप भांडलो, आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला. त्यांनी एवढंच विचारलं, "नर्सबाईचं आता कसं चाललंय?"

"टेकडीवर चढते."

त्यांनी मफलर गळ्याभोवती आवळला. महिन्याचे दिवस बाकी होते, तरी पूर्ण महिन्याचं भाडं टेबलावर ठेवलं. मी परत करायला गेलो तर घेतलं नाही. पुण्याहून ते कधीकधी फोन करतात. बोलता बोलता आवाज एकदम उतरतो, मग म्हणतात, इथे सगळं चितळच आहे, आणि ठेवून देतात.

माणूस बदनाम झाला. सरळ सांगतो, आलापल्लीत आता त्यांचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतोच, "तेच ना, सरकारी मशीन बिघडवणारे?" आणि डबा अजून त्याच भिंतीवर आहे, सीलसकट. फाल्गुनात चालतो, चैत्रात चालतो. कोणी बघायला आलं तर चालतानाच दिसतो.

तेव्हा मला उत्तर पाहिजे. त्या समितीतल्या प्रत्येकाला विचारतो: चैत्रातली तारीख कोणी सुचवली? ठेकेदाराने सुचवली असेल तर त्याच्या सांगण्यावरून ती मान्य कोणी केली? पाच आणि आठ डब्यात नाहीत हे तोंडावर सांगितल्यावरही सही कोणाची पडली? आणि पोळ्यानंतर चालू असलेलं यंत्र भिंतीवरून काढा असा हुकूम कोणी दिला?

उत्तर कागदावर पाठवू नका. येत्या श्रावणात त्या गावात या, तोच सील केलेला डबा उघडा, आणि नर्सबाईसमोर डॉक्टरीणबाईंना फोन लावून दाखवा. लागला तर मी सगळ्यांची माफी मागून दुकानाला कुलूप लावीन. नाही लागला तर ग्रामसभेत बसा. तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. प्रत्येकाचं समाधान होईपर्यंत सभा उठत नाही. नाला भरला तर परत जायची वाटही नसते. तोपर्यंत बसावं लागेल, साहेब, आणि बोलावं लागेल.